ट्रक कमी चाललाय, पण उभा फार राहिलाय

वाचकाचं पत्र:

"माझ्याकडे १९६४ चा पेट्रोलवरचा पिकअप ट्रक आहे. एका रांगेतलं सहा सिलिंडरचं इंजिन, सॉलिड टॅपेट, एकच कार्ब्युरेटर, चार गिअर. काकांनी नवा घेतला, थोडाफार वापरला आणि मग शेडमध्ये लावून ठेवला. शेवटची अकरा वर्षं तर तो जागचा हललाच नव्हता. मीटरवर जेमतेम ३१ हजार मैल. मागच्या वर्षी मी तो चालू केला. बॅटरी, प्लग, पेट्रोलचे पाइप बदलले, टाकी धुऊन घेतली, टाकीला नवं झाकण आणलं. कार्ब्युरेटर दोनदा ओव्हरहॉल झाला. तरी अॅक्सिलरेटर पटकन दाबला की गाडी आधी गचका खाते, मग ओढते. चढाला जीवच नसतो. वीस-पंचवीस मिनिटं चालवली की कधीकधी बंद पडते आणि दहा मिनिटांनी काही झालंच नाही अशी चालू होते. मला हा ट्रक रोज कामावर न्यायचा आहे, जाऊन-येऊन चाळीस किलोमीटर. मिस्त्री म्हणतात, कार्ब्युरेटर नवाच टाका आणि पॉइंट (ठिणगीसाठी वीज जोडणारे-तोडणारे संपर्क) काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवा. इतकी कमी चाललेली गाडी, हिला अजून काय काय करावं लागेल? ऑइल कुठलं घालू? आणि बिनशिशाच्या पेट्रोलनं इंजिन खराब होतं म्हणतात, ते खरं का?"

नमस्कार,

कार्ब्युरेटरला तूर्त हात लावू नका. दोनदा उघडून झालाय. तिसऱ्यांदा उघडून किंवा नवा आणून तुमची तक्रार जाईल असं मला वाटत नाही. का, ते सांगतोच. त्याआधी त्या ३१ हजारांबद्दल थोडं.

त्या काळच्या बहुतेक मीटरना पाचच आकडे असत. ९९,९९९ झाले की पुन्हा शून्यापासून सुरुवात. त्यामुळे ३१ हजार म्हणजे १ लाख ३१ हजारही असू शकतात. घरचीच गाडी असल्यानं तुम्हाला तिचा इतिहास ठाऊक असेल, तरी क्लच आणि ब्रेकच्या पॅडलचं रबर नि ड्रायव्हरच्या दाराची बिजागरी एकदा बघून घ्या. रबर एका कडेला गुळगुळीत झालंय आणि दार उघडल्यावर खाली बसतंय असं असेल तर मीटर विसरा.

आकडा खरा आहे असं धरू. मग सिलिंडर, रिंगा, गिअरचे दाते चांगले असणार आणि तेवढा तुमचा फायदा. पण रबर, ग्रीस, ब्रेक ऑइल, पेट्रोल, सीलं यांना मैलांशी देणंघेणं नसतं, ती वर्षांनी खराब होतात. रोज चाललेल्या ट्रकचे हे सगळे भाग कुणीतरी दर काही वर्षांनी बदलत आलेलं असतं. तुमच्या ट्रकचे कुणी बदललेच नाहीत. म्हणून त्याचे रोग झिजण्याचे नाहीत, उभं राहिल्याचे आहेत: काही सुकलंय, काही चिकटलंय, काही आतून गंजलंय. मिस्त्री मात्र सवयीनं झिजेचं निदान करतात आणि अख्खा भाग बदलायला सांगतात.

आता कामाला लागू, आणि सुरुवात ब्रेकपासून. तुमच्या पत्रात ब्रेकचा उल्लेखही नाही, म्हणूनच.

चारही ड्रम उतरवा. आत जी काळी धूळ दिसेल ती हवेच्या पाइपानं उडवू नका. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतो. ब्रेक क्लीनर मारून ओली करा आणि पुसून काढा. व्हील सिलिंडरच्या दोन्ही टोकांना रबरी टोप्या असतात. त्यातली एक हलकेच मागे सारून आत बोट लावून बघा. बोट ओलं झालं तर सिलिंडर गळतोय, बाहेर एक थेंबही दिसत नसला तरी. कोरडी तपकिरी पूड निघाली तर आत गंज धरलाय. दोन्ही वेळा सिलिंडर बदलायचा. नुसते वॉशर बदलून भागवलं तर गंजलेल्या पृष्ठावर नवे वॉशरही टिकत नाहीत.

रबरी ब्रेक होज तर न बघताच बदला. वरून धडधाकट दिसतात, पण आतलं रबर फुगून भोक बारीक होतं. मग पॅडल दाबलं की दाब पोचतो, सोडलं की तेल परतत नाही, आणि चाक अर्धवट जाम राहतं. थोडं चालवून उतरल्यावर एकच ड्रम हात लावता येणार नाही इतका तापला असेल तर हेच कारण असण्याची शक्यता मोठी. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. डॉट ३ या नेहमीच्या प्रतीचं ताजं ब्रेक ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसला उकळतं. पाणी मुरलेल्या तेलासाठी त्याच प्रतीची किमान मर्यादा १४० अंशांवर येते. उतारावर ड्रम तापले आणि तेल उकळलं की पॅडल सरळ खाली जातं. दर दोन वर्षांनी तेल बदला आणि नीट एअर काढा. सिलिकॉनचं डॉट ५ चांगलं असतं, पण ते डॉट ३ किंवा ४ मध्ये मिसळायचं नसतं. घालायचं तर सगळी लाइन, सगळी रबरं नवी हवीत.

१९६४ च्या ट्रकला मास्टर सिलिंडर बहुतेक एकाच खान्याचा असतो. म्हणजे चारपैकी कुठल्याही चाकाशी गळती झाली तर चारही ब्रेक गेले, उरला तो हँडब्रेक. सणासुदीला बाहेर काढायच्या गाडीला मी एक वेळ हे चालवून घेईन. रोज कामावर जाणाऱ्या गाडीला नाही. पुढच्या-मागच्या चाकांना वेगळी लाइन देणारा दुहेरी मास्टर सिलिंडर बसवून घ्या. नव्या कार्ब्युरेटरसाठी बाजूला काढलेले पैसे इथे घाला.

टायरबद्दल एकच गोष्ट. बाजूच्या भिंतीवर 'DOT' अक्षरांपासून सुरू होणाऱ्या नंबरात शेवटी चार आकडे असतात; २३१८ म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. तिथे तीनच आकडे असतील तर टायर २००० सालाआधीचा आहे. नक्षी कितीही शिल्लक असो, दहा वर्षांवरचा टायर रोजच्या वापरात नको. आणि रिम दोन तुकड्यांची, कडीवाली असेल तर टायर उतरवणं-चढवणं घरी करू नका. हवा भरताना कडी सुटून माणसं दगावलेली आहेत.

आता तुमचा गचका.

अॅक्सिलरेटर एकदम दाबला की हवा लगेच आत धावते, पेट्रोल जड असल्यानं मागे राहतं. ती क्षणभराची तूट भरून काढायला कार्ब्युरेटरमध्ये छोटा पंप असतो. तो तपासायला कार्ब्युरेटर उतरवावा लागत नाही. इंजिन बंद ठेवा, एअर क्लीनर काढा, गळ्यात डोकावा आणि हातानं थ्रॉटल ओढा. थ्रॉटल हलू लागल्याबरोबर पेट्रोलची स्पष्ट धार आली पाहिजे. अर्धा थ्रॉटल उघडल्यावर आली किंवा नुसती ठिबकली तर पंपाचा वॉशर किंवा चेंडूचा व्हॉल्व्ह गेलाय. धार बरोबर असेल तर कार्ब्युरेटर या खटल्यातून सुटला. दोनदा किट बसवलंय, त्यामुळे तो सुटेल असाच माझा अंदाज आहे.

मग डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्रत्येक प्लगला पाळीपाळीनं ठिणगीची वीज वाटणारा भाग. गचका आणि चढाला दम नसणं, या दोन तक्रारी एकत्र वाचल्या तेव्हाच माझा संशय इकडे वळला. पेट्रोलचं मिश्रण जळायला लागणारा वेळ फारसा बदलत नाही, पण इंजिन वेगात फिरू लागलं की पिस्टनला वेळ कमी मिळतो. म्हणून वेग वाढेल तशी ठिणगी आधी पडावी लागते. आयडलिंगला ती पिस्टन वर पोचण्याआधी पाच-दहा अंशांवर पडत असेल, तर वाढत्या वेगाला ती तिसाच्या आसपास जायला हवी. हे काम डिस्ट्रिब्युटरच्या पोटातली दोन वजनं करतात. वेगानं ती बाहेर फेकली जातात आणि कॅम पुढे फिरवतात. गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली की त्यांच्या खुंट्यांवरचं ग्रीस वाळून वार्निश होतं आणि वजनं जागीच चिकटतात. इंजिन सुरू होतं, आयडलिंगला छान चालतं, मिस्त्रींनी टायमिंग लाइट लावली तर खूणही बरोबर दिसते. पण रेस वाढवली तरी ठिणगी तिथल्या तिथेच. गाडी ओढत नाही, पेट्रोल पिते, इंजिन तापतं आणि दोष कार्ब्युरेटरच्या माथी बसतो.

तपासणी अशी. कॅप काढा, रोटर दोन बोटांत धरा आणि तो ज्या दिशेला फिरतो त्याच दिशेला पिळा. स्प्रिंगच्या विरोधात तो थोडासा फिरला पाहिजे आणि सोडल्याबरोबर टकन मागे आला पाहिजे. फिरलाच नाही, किंवा फिरून तिथेच सुस्त राहिला, तर वजनं अडकलीत. पॉइंटची प्लेट काढून खालची वजनं, खुंट्या, स्प्रिंगा केरोसिननं साफ करा, खुंट्यांवर पातळ तेलाचा एकेक थेंब द्या. रोटरखाली शाफ्टच्या टोकाला नमद्याचा तुकडा असतो, त्यालाही दोन थेंब. जास्त घालू नका, तेल उडून पॉइंटवर गेलं की नवी डोकेदुखी. स्प्रिंगा ताणून किंवा कापून 'पिकअप वाढवायच्या' भानगडीत पडू नका.

याच डिस्ट्रिब्युटरच्या कुशीला व्हॅक्युमची डबी असते. तिचा पाइप कार्ब्युरेटरकडून काढा, तोंडानं ओढा आणि टोक जिभेनं बंद करून धरा. पॉइंटची प्लेट सरकली पाहिजे आणि जीभ काढेपर्यंत सरकलेलीच राहिली पाहिजे. नुसती हवाच येत राहिली तर आतला डायफ्रॅम फाटलाय.

एक खबरदारी. काही जुन्या सहा सिलिंडर इंजिनांच्या डिस्ट्रिब्युटरमध्ये वजनं नसतातच, सगळं पुढे-मागे करणं व्हॅक्युमवर चालतं. तिथे रोटर पिळून काही कळणार नाही, आणि डायफ्रॅम फाटला की टायमिंग पूर्ण थिजतं. शिवाय अशा डिस्ट्रिब्युटरला व्हॅक्युम देणारा खास व्हॉल्व्ह त्याच्या जोडीच्या कार्ब्युरेटरमध्येच असतो. दुसऱ्या जातीचा नवाकोरा कार्ब्युरेटर बसवलात तर गाडी आजच्यापेक्षा वाईट चालेल आणि कारण कुणाला सापडणार नाही. मॅन्युअल उघडून तुमचा डिस्ट्रिब्युटर कुठल्या प्रकारचा ते बघा, मगच मिस्त्रींना उत्तर द्या.

वजनं मोकळी झाली की पॉइंट. त्यांची तोंडं बघा. एकावर खड्डा आणि दुसऱ्यावर उंचवटा असेल तर कंडेन्सर (पॉइंटची तोंडं जळू न देणारी छोटी डबी) बरोबर नाही. पॉइंटबरोबर तोही बदला. कॅमचा उंच भाग पॉइंटच्या टाचेखाली येईल असं इंजिन फिरवून फीलर गेजनं, म्हणजे मोजलेल्या जाडीच्या पत्र्यानं, फट लावा. आकडा मॅन्युअलमधलाच घ्या. इंजिनाप्रमाणे तो बदलतो. फीलरला लागलेलं तेल पॉइंटच्या तोंडाला लागतं, म्हणून शेवटी कोऱ्या, स्वच्छ कार्डाची पट्टी मधून ओढून घ्या. टिंबापेक्षाही बारीक तेलाचा डाग आठवडाभरात पॉइंट जाळतो. ड्वेल मीटर मिळाला तर उत्तम. सहा सिलिंडरला प्रत्येक ठिणगीच्या वाट्याला डिस्ट्रिब्युटरचे ६० अंश येतात, त्यातले किती अंश पॉइंट मिटलेले राहतात ते तो दाखवतो. आधी पॉइंट, मग टायमिंग, हा क्रम उलटा करू नका, कारण पॉइंटची फट वाढवली की टायमिंगही पुढे सरकतं. टायमिंग लावताना व्हॅक्युमचा पाइप काढून त्याचं तोंड बंद करा, आयडलिंग मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या वेगावर ठेवा, खूण जुळवा. आणि मग रेस वाढवून खूण सरकते का ते बघाच. मिस्त्रींनी नेमकी हीच पायरी गाळली असणार.

इलेक्ट्रॉनिक इग्निशनला माझा विरोध नाही. रोजच्या वापराला ते सोयीचं आहे, दर काही महिन्यांनी फट लावायचा ताप जातो. पण अडकलेली वजनं ते सोडवत नाही आणि फाटलेला डायफ्रॅम शिवत नाही. आधी पॉइंटवर गाडी सरळ चालवा. नंतर बसवायचं असेल तर त्या किटला पूर्ण बारा व्होल्ट हवेत की बॅलास्ट रेझिस्टरमधून (कॉइलचे व्होल्ट कमी करणाऱ्या तुकड्यातून) आलेले चालतात ते वाचून घ्या, आणि किल्ली चालू पण इंजिन बंद अशा अवस्थेत गाडी ठेवू नका, मॉड्यूल जळतं. काढलेले पॉइंट-कंडेन्सर गाडीतच जपून ठेवा. पॉइंट बिघडले तर वाटेत पेचकसानं काम भागतं. मॉड्यूल गेलं की टोचन.

वीस मिनिटांनी बंद पडण्याबद्दल. टाकीला नवं झाकण आणलं असं तुम्ही सहज लिहून गेलात, पण मी तिथेच थबकलो. त्या काळातल्या ट्रकच्या टाकीत हवा शिरते ती झाकणातून. नंतरच्या गाड्यांची झाकणं हवाबंद असतात, कारण त्यांना हवेची वाट दुसरीकडून असते. मापानं बसतं म्हणून तसं झाकण लावलं, तर पेट्रोल जाईल तसा टाकीत ओढा तयार होतो आणि शेवटी पंपाला पेट्रोल खेचवत नाही. गाडी उभी राहिली की कुठून तरी हळूहळू हवा शिरते आणि दहा मिनिटांनी सगळं ठीक. पुढच्या वेळी बंद पडली की उतरून सगळ्यात आधी झाकण फिरवा. 'सूं' असा आवाज आला आणि लगेच गाडी चालू झाली, तर प्रकरण तिथेच मिटलं. हवेचं भोक असलेलं झाकण आणा.

आवाज आला नाही तर वाटेतच आणखी दोन गोष्टी बघा. जवळ एक जादा प्लग ठेवा. कार्ब्युरेटरपासून लांबच्या सिलिंडरची वायर त्याला लावा, प्लगची कड ब्लॉकला टेकवा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. ठिणगी नाही किंवा पिवळट, मरगळलेली आहे, तर गरम झाल्यावर कॉइल किंवा कंडेन्सर दम तोडतोय. ठिणगी निळी, कडक असेल तर गळ्यात बघून थ्रॉटल ओढा. धार आली नाही तर पेट्रोल पोचत नाही: फिल्टर टाकीतल्या गंजानं भरलाय, किंवा एक्झॉस्टजवळून जाणाऱ्या पाइपात पेट्रोलची वाफ होतेय. पाइप दूर सरकवा, कार्ब्युरेटरखाली उष्णता अडवणारा जाड स्पेसर आहे की नाही ते बघा. धार येतेय आणि पेट्रोलचा उग्र वास सुटलाय, तर उलटा प्रकार, पेट्रोल उकळून आत जास्त सांडलंय. तेव्हा पॅडल पंप करू नका; पूर्ण दाबून धरा आणि तसंच सेल्फ मारा.

टाकी एकदा धुतली म्हणजे गंज संपला असं नसतं. पहिले काही महिने पंपाच्या आधी पारदर्शक फिल्टर लावा आणि त्यात काय जमतं ते बघत राहा. प्लॅस्टिकचा घ्या, काचेचा नको. तुमच्या ट्रकच्या वयाच्या बऱ्याच पिकअपची टाकी केबिनमध्येच, सीटच्या मागे असते. तशी असेल तर पेट्रोल भरायच्या नळीचा रबरी जोड पहिल्यांदा बदला; तो गळला तर वाफा तुमच्या नाकाशीच. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुनं रबर फुगवतं आणि मऊ करतं, म्हणून पाइपावर एसएई जे३० आर९ असं छापलेलं आहे ना, ते तपासा. पंपाचा डायफ्रॅमही त्याच वयाचा. तो फाटला की पेट्रोल थेट ऑइल चेंबरमध्ये उतरतं. आठवड्यातून एकदा डिपस्टिक ओढून नाकाजवळ न्या. पेट्रोलचा वास आला किंवा ऑइलची पातळी आपोआप वाढली, तर गाडी चालवू नका.

एवढं झाल्यावर कार्ब्युरेटरची पाळी, आणि त्यालाही आधी दोन मोजमापं हवीत. इंजिन गरम असताना सगळे प्लग काढा, कॉइलची तार सोडा, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि सहाही सिलिंडरचं कॉम्प्रेशन घ्या. सगळ्यात कमी आकडा सगळ्यात जास्त आकड्याच्या पाऊणपटीखाली नसावा. एखादा कमी आला तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंगा, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह. उभ्या गाडीत रिंगा खाचेत चिकटलेल्या असतात आणि महिना-दोन महिने चालवल्यावर कधीकधी आपसूक सुटतात, म्हणून पहिल्या आकड्यावर इंजिन खोलायला घेऊ नका. नंतर टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला ढकलणाऱ्या भागातली फट. थोडा वाजणारा टॅपेट परवडला. अगदी गप्प झालेला व्हॉल्व्ह पूर्ण बसत नसतो आणि जळतो.

मग व्हॅक्युम गेज मॅनिफोल्डला लावा. सुस्थितीतलं इंजिन समुद्रसपाटीला आयडलिंगवर १७ ते २१ इंच (पाऱ्याचे) दाखवतं, काटा स्थिर ठेवून. दर हजार फूट उंचीला साधारण एक इंच कमी धरा. मिश्रणाचा स्क्रू अलगद टेकेपर्यंत आत न्या, जोर देऊ नका, सुईला खाच पडते. दीड आटा मागे घ्या, इंजिन चालू करा आणि काटा सर्वांत वर जाईल तिथे आणा. आयडलिंग वाढलं असेल तर कमी करा आणि पुन्हा एकदा तेच. बस्स. पंधरा मिनिटांचं काम आहे, फक्त ते शेवटी करायचं असतं.

ऑइल. सॉलिड टॅपेटच्या इंजिनात कॅम आणि टॅपेट एकमेकांवर घासून चालतात आणि त्यांच्यामध्ये जस्त-फॉस्फरसच्या संयुगाचा थर लागतो. नव्या गाड्यांच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला फॉस्फरस बाधतो, म्हणून पातळ ग्रेडच्या आधुनिक पेट्रोल ऑइलमध्ये त्याचं प्रमाण ०.०८ टक्क्यांपर्यंतच ठेवतात. जुन्या इंजिनांसाठी म्हणून जस्त जास्त ठेवलेलं ऑइल मिळतं, ते घ्या. किंवा डिझेल इंजिनाचं १५डब्ल्यू-४० चालेल. चाळीस किलोमीटरच्या रोजच्या फेरीला पाच हजार किलोमीटर किंवा सहा महिने, जे आधी येईल तेव्हा बदला. पहिल्यांदा बदलताना चेंबर उतरवाच. उभ्या गाडीच्या तळाशी काळा गाळ बसलेला असतो; ताज्या ऑइलनं तो सुटला की पंपाच्या जाळीत जाऊन अडकतो.

शिशाचं. शिसं एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठकीवर पातळ थर धरायचं. तो नसला की मऊ बैठक व्हॉल्व्हच्या आपटण्यानं झिजून आत जाते, हे खरं आहे. पण हे होतं ते सतत भरधाव आणि भरपूर ओझं ओढताना. तुमच्याकडे सॉलिड टॅपेट आहेत, म्हणजे मोजायची सोय आयतीच आहे. बैठक आत गेली की एक्झॉस्टच्या टॅपेटची फट कमी होते. पाच हजार किलोमीटरला फट मोजा, वहीत लिहा. आकडे हलत नसतील तर बाटलीतली औषधं कशाला? दर वेळी फट कमी होत चालली, तर हेड उतरवून कडक बैठका बसवून घ्या.

याच कारणासाठी वेगाचा हिशेब करा. अशा ट्रकना डिफरन्शियल ओझ्यासाठी दिलेला असतो. तो ४.११ चा (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ४.११ फेरे) आणि चाक ७२ सेंटिमीटर व्यासाचं धरलं, तर वरच्या गिअरमध्ये ताशी ८० ला इंजिन सुमारे २,४०० फेरे घेतं, ११० ला ३,३००. ऐंशीपर्यंत ते दिवसभर तक्रार करणार नाही. पुढे नेलंत तर आवाज, ताप आणि पेट्रोल तिन्ही वाढतात, आणि ड्रम ब्रेकचा भरवसाही तितकाच कमी होतो.

बाकीचं भराभर. गिअरबॉक्समध्ये जीएल-४ प्रतीचं गिअर ऑइल, मागच्या डिफरन्शियलमध्ये जीएल-५. उलटं करू नका, जीएल-५ मधली काही रसायनं पितळी सिंक्रो रिंगांना बाधू शकतात. पुढच्या अॅक्सलला किंगपिन असतील तर जॅक लावून चाक अधांतरी करा आणि मगच ग्रीस मारा, नाहीतर वजन असलेल्या बाजूला ते पोचतच नाही. जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत गन चालवा. यू-जॉइंट, टाय रॉड, स्प्रिंगच्या शॅकल, सगळे निपल शोधून काढा. एखादा रंगाखाली दडलेला सापडतोच.

"गरम होते तर थर्मोस्टॅट काढून टाका" असं कुणीतरी सांगेल. काढू नका. इंजिन कायम थंड चाललं की ऑइलमधलं पाणी आणि पेट्रोल उडून जात नाही आणि गाळ होतो. त्यापेक्षा ब्लॉकच्या ड्रेनमधून आतला चिखल काढा, रेडिएटर उलट्या दिशेनं धुवा, होज बदला आणि निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड पाणी भरा. डायनॅमो असेल तर आयडलिंगला तो जवळजवळ काहीच देत नाही. दिवे लावून सिग्नलला उभं असताना अॅमीटरचा काटा उणेकडे गेला तर घाबरू नका. चालवतानाही तिथेच राहिला तर मात्र ब्रश आणि रेग्युलेटर बघा. सगळ्याआधी बॅटरीपासून चासीला आणि इंजिनपासून चासीला जाणाऱ्या अर्थिंगच्या पट्ट्या घासून घट्ट करा. जुन्या गाडीतले निम्मे विजेचे गोंधळ तिथेच संपतात. आणि सीटबेल्ट नसतील तर चांगल्या, चासीपर्यंत मजबुती दिलेल्या जागी बसवून घ्या.

सकाळी चालू केल्यावर पाच-दहा मिनिटं उभ्यानं गरम करत बसू नका. ऑइलचा दाब आला, इंजिन चोकवर स्थिर झालं की निघा आणि पहिले दोन-तीन किलोमीटर हळू घ्या. वीस किलोमीटरचा एकेरी पल्ला या गाडीला चांगला मानवेल, इंजिन आणि ऑइल दोन्ही पुरते तापतात. पहिला महिना रोज संध्याकाळी चारही ड्रमना हात लावा आणि जमिनीवर कुठे काय ठिबकलंय ते बघा. सुकलेली सीलं चालवायला लागल्यावरच गळायला सुरुवात करतात, तेव्हा थेंबांवरून हताश होऊ नका. कुठला थेंब वाढतोय तेवढं लक्षात ठेवा.

रोटर पिळून बघितल्यावर काय झालं आणि झाकण उघडताना आवाज आला का, हे मला कळवा. सोबत कॉम्प्रेशनचे सहाही आकडे आणि प्लगचा रंग लिहा. बदामी असेल तर छान. काळी काजळी किंवा पांढुरके असतील तर जेटबद्दल (कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकांबद्दल) बोलू, तोवर कार्ब्युरेटर बंदच राहू द्या.